पाऊण आटा मागे

आमच्या घरात नवरा-बायकोने अबोला धरला की पाय दुखतात ते सासूबाईंचे. पुढे गॅरेज, मागे स्वयंपाकघर, आणि दोन्हींच्या मध्ये पत्र्याच्या आडोशाला माझं लेथ मशीन. नवरा गॅरेजमध्ये, मी लेथवर. मधलं अंतर फार तर बारा पावलं, पण त्या नऊ दिवसांत ही बारा पावलं आईंनी दिवसातून चाळीस वेळा तरी तुडवली असतील.

"त्याला सांगा, सहाचा ड्रिल माझ्याकडे आहे."

"तिला सांग, मला नकोय."

"तो म्हणतो, त्याला नकोय."

"ऐकलं मी, आई."

"ऐकलंस तर मला कशाला पळवता गं दोघं?"

भांडण अंगठ्याएवढ्या वस्तूवरून झालं होतं. मोटरसायकलच्या इंजिनच्या पोटात एक साखळी असते, कॅम चेन. खालचा दांडा फिरतो, तशी ती वरच्या व्हॉल्व्हची उघडझाप करते. वय झालं की ही साखळी लांबते, सैल पडते. तिला मागून दाबून ताठ ठेवणारा तुकडा म्हणजे टेन्शनर. तो ढिला पडला आणि साखळी दातावरून सटकली, तर वर येणारा पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो. इंजिन जागच्या जागी आवळतं, मागचं चाक धरलं जातं, आणि गाडी वेगात असेल तर वर बसलेल्या माणसाचं काय होतं ते मी सांगायला नको.

गाडी सासऱ्यांची. अठ्ठावीस वर्षांची, चार सिलिंडरची. ते गेल्यावर ती धाकटीकडे आली. धाकटी म्हणजे माझी नणंद, वय छत्तीस, पण शेंडेफळ असल्याने अजून धाकटीच. ती नर्स आहे. तिची बदली डोंगरापलीकडच्या दवाखान्यात झाली होती आणि बाबांच्या गाडीवरूनच जायचं असा तिचा हट्ट होता. गाडीतला टेन्शनर मात्र कामातून गेला होता. तो कारखान्यातून आलेला, स्प्रिंगचा, आपोआप पुढे सरकणारा. त्याच्या दांडीवरचे दात झिजले होते आणि तो पुढे सरकायच्या ऐवजी गुपचूप मागे यायला लागला होता.

नवऱ्याने भंगारवाल्याकडून तसाच दुसरा शोधून आणला. मी तो नखाने दाबून दाखवला. दात याचेही बोथट.

"स्प्रिंगचाच हवा. बसवा आणि विसरा," नवरा म्हणाला.

"विसरलं म्हणूनच तर पहिल्याची ही गत झाली. आपल्या हाताने बोल्ट फिरवून लावायचा टेन्शनर बसवू. चेन किती ताठ आहे ते आपल्याला ठाऊक तरी राहील."

मग तो बाजारातून हाताने फिरवायचा एक घेऊन आला. वरून चकचकीत, आतून अगदीच कच्चा. बोल्ट आखूड, आणि आटे इतके जाड की जरा फिरवला की भसकन पुढे जायचा. चेन लांबलेली असल्याने तो शेवटच्या तीन आट्यांवरच लटकणार होता. मी तो कचऱ्याच्या डब्यावर ठेवला. डब्यात नव्हे, डब्यावर. तेवढा मान राखला. माझा स्वतःचा मी आधीच कातून ठेवला होता. बोल्ट लांब, आटा बारीक, एका पूर्ण फेऱ्याला बरोबर एक मिलिमीटर पुढे, आणि आतलं टोक गोल, म्हणजे चेनला दाबणाऱ्या पट्टीला खड्डा पडायला नको.

धाकटीने तिन्ही हातात घेऊन पाहिले आणि म्हणाली, "दादा, वहिनीचाच लाव."

झालं. त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. वीस वर्षं इंजिनं उघडणारा माणूस आणि सख्ख्या बहिणीने बायकोची बाजू घेतली! त्याने तोंड फुगवलं. मीही काही गरीब गाय नाही. मीही फुगवलं. नऊ दिवस.

नवव्या दिवशी सकाळी त्याने माझा टेन्शनर बसवायला घेतला. धाकटीचं सामान बांधून तयार. मी लेथवर कुणाच्या तरी पुलीचं भोक मोठं करत होते. मशीन चालू होतं. आई आल्या.

"तो विचारतोय, किती मागे घ्यायचं?"

प्रश्न बरोबर होता, आणि त्याने विचारला म्हणून मनातल्या मनात बरंही वाटलं. इंजिन हाताने हळूहळू फिरवत चेन सगळ्यात सैल कुठे पडते ते शोधायचं. तिथे बोल्ट नुसत्या बोटांनी टेकेपर्यंत आत घ्यायचा आणि मग किंचित मागे. फार घट्ट झालं तर चेन कण्हते आणि पट्ट्या खाते. फार सैल झालं तर खडखडते. शेवटी बोल्ट एका पान्याने धरून दुसऱ्याने वरचा नट आवळायचा, कारण नट आवळताना बोल्टलाही सोबत ओढून नेतो. हे सगळं त्याला ठाऊकच होतं. फक्त माझा आटा नेहमीपेक्षा बारीक, म्हणून मागे किती घ्यायचं तेवढं त्याने विचारलं.

"पाव आटा मागे," मी ओरडले. मशीन काही मी बंद केलं नाही. बंद केलं असतं तर माझा आवाज सरळ त्याच्या कानावर गेला असता, आणि मग ते बोलल्यासारखं झालं असतं.

आई मान डोलावून गेल्या.

साडेनऊला गाडी सुरू झाली. मी हात पुसत अंगणात आले. धाकटीने कानात स्पंजचे बोळे घातले होते. लांब जाताना वाऱ्याने कान किटतात म्हणून ती घालतेच. वर हेल्मेट, अंगात पिवळं जॅकेट. आईंना नमस्कार, मला मिठी, दादाला पाठीत गुद्दा.

आणि मला ऐकू आली. बारीकशी खडखड, इंजिनच्या उजव्या कुशीतून.

मला तेव्हाच हात वर करता आला असता. नवरा गाडीच्या पलीकडे उभा होता. त्यानेही माझ्याकडे एकदा पाहिलं आणि नजर वळवली. मी स्वतःला सांगितलं, इंजिन थंड आहे, तापलं की बसेल आवाज. आणि खरं सांगते, आत कुठेतरी बरंही वाटलं. बसवलंय त्याने. वाजतंय तर वाजू दे. धाकटी संध्याकाळी फोनवर सांगेल, दादा, गाडी वाजते रे. मग बघू कुणाचं तोंड बघण्यासारखं होतं ते.

गाडी कोपऱ्यावरून वळली.

आठ-दहा मिनिटांनी नवरा स्वयंपाकघराच्या दाराशी आला. आई भांडी लावत होत्या. मी पाणी पीत होते. तो आईंशी बोलला, पण आवाज माझ्यासाठी होता.

"आई, तिला सांग, तिने सांगितलं तसं बरोब्बर पाऊण आटा मागे घेतलं आणि तरी निघताना गाडी वाजत होती. म्हणावं, हीच का कारागिरी?"

पेला माझ्या हातातच राहिला.

"पाऊण?"

नऊ दिवसांनी मी त्याच्याशी बोललेला पहिला शब्द तो.

"तूच सांगितलंस."

"मी पाव सांगितलं! पाव!"

दोघांनी आईंकडे पाहिलं. त्यांच्या हातात ताट होतं. ते त्यांनी हळूच खाली ठेवलं. "पाऊणच म्हणालीस ना गं? ते यंत्र एवढं घरघरत होतं... मला पाऊणच ऐकू आलं."

पाव मिलिमीटरची मोकळीक चालते. पाऊण मिलिमीटर, तीही अठ्ठावीस वर्षं ताणलेल्या साखळीला, म्हणजे दार उघडं टाकून गावाला जाणं. नवऱ्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. त्याने खिशातून फोन काढून धाकटीला लावला. वाजला, वाजला, बंद झाला. तिचा फोन टाकीवरच्या पिशवीत आणि कानात बोळे. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

"सपाटीला काही होणार नाही," तो म्हणाला. "एका लयीत चालवते ती. चढालाही नाही, चढाला इंजिन ओढत असतं."

"उताराला," मी म्हणाले.

उताराला आपण हात मिटतो, म्हणजे ॲक्सिलरेटर सोडतो. मग इंजिन गाडीला ओढत नाही, गाडी इंजिनला ढकलते. साखळीतली ओढ उलटी फिरते आणि सगळा सैलपणा एका जागी गोळा होतो. सटकायची असेल तर ती तिथेच सटकणार. आणि माथ्यापलीकडचा उतार सात किलोमीटरचा, एका बाजूला गुडघ्याएवढा कठडा.

आमची रोजची गाडी दारातच होती. मी चपलेवरच मागे बसले. निघताना आईंचा आवाज आला, "काय झालंय मला सांगाल का कुणी?" कुणी सांगितलं नाही.

मी त्याला एवढ्या वेगात गाडी चालवताना कधी पाहिलं नव्हतं. एरवी गिऱ्हाइकांना सावकाश चालवायची शिकवण देणारा माणूस, तो ट्रकच्या डाव्या बाजूने घुसत होता. मी त्याच्या शर्टाची मूठ धरून बसले होते. बोलायचं काही नव्हतं, आणि होतं ते बोलायची सोय नव्हती. मी मनात हिशेब करत होते. धाकटी साठच्या वर जात नाही. दहा मिनिटं म्हणजे दहा किलोमीटर. चढाचा पायथा तिसाव्याला, माथा बेचाळिसाव्याला.

"पेट्रोल भरायला थांबली असेल," तो ओरडला.

"टाकी मीच काल भरलीय," मी ओरडले.

काटा नव्वदच्या पुढे गेला.

चढाच्या चौथ्या वळणावर पिवळं जॅकेट दिसलं. वरच्या रस्त्यावर, आमच्यापासून फार तर दोनशे हात. माझ्या जिवात जीव आला. नवऱ्याने हॉर्न दाबला आणि दाबूनच धरला. तिने आरशात पाहिलं असावं. हात वर केला, हलवला.

आणि मग ती टाकीवर वाकली आणि गाडी पळवली.

मला क्षणभर काही कळेना. नवऱ्याच्या तोंडून मात्र शिवी बाहेर पडली, स्वतःलाच. हा चढ या दोघा भावंडांचा शर्यतीचा चढ होता. तो विशीत होता आणि ती शाळेतून नुकती बाहेर पडलेली, तेव्हापासून दर रविवारी माथ्यापर्यंत शर्यत, आणि हरेल त्याने दोन्ही गाड्या धुवायच्या. मी लग्न होऊन आले तेव्हाही हे चालू होतं. आज दादा वहिनीला मागे बसवून निरोपाची शर्यत लावायला आला, असं तिला वाटलं. हॉर्न म्हणजे तिला चिथावणीच.

त्याने गाडी आणखी रेटली. पिवळं जॅकेट पुढच्या वळणामागे गेलं. आमच्याहून तिचं इंजिन मोठं. आम्ही जेवढं पळू तेवढी ती पळणार, आणि त्या भरातच माथा ओलांडून पलीकडे उतरणार.

मी त्याच्या पाठीवर थापा मारल्या. "थांब! गाडी थांबव!"

"वेडी झालीस का? ती उतारावर जाईल!"

"तू मागे लागलास म्हणून जाईल! आपण दिसलो नाही तर थांबून बघेल. थांब म्हणते ना!"

त्याचे खांदे दगडासारखे झाले होते. अजून एक वळण तो तसाच गेला. मग त्याने ब्रेक दाबला, गाडी कडेच्या खडीवर घेतली आणि इंजिन बंद केलं. आवाज ऐकू यावा म्हणून.

आम्ही रस्त्यावर उभे राहिलो. वरून तिच्या गाडीचा आवाज येत होता, चढता, मोकळा, आणि त्यात मला आता खडखड स्पष्ट ऐकू येत होती. का माझ्याच डोक्यात वाजत होती, कोण जाणे. मी मनात म्हणत होते, वळून बघ, बाई. आरशात बघ. हरला तुझा दादा, धुवेल तो गाड्या, जन्मभर धुवेल. फक्त बघ.

आवाज माथ्यावर पोचला. थोडा पलीकडे गेल्यासारखा झाला. मग एकदम खाली आला. तिने हात मिटला होता.

चमच्यांचा खण जमिनीवर पडावा तसा आवाज झाला. त्यामागून टायर घासल्याचा. मग काहीच नाही.

नवऱ्याच्या हातातून किल्ली दोनदा पडली. तिसऱ्यांदा मी उचलली, मीच लावली आणि मीच गाडी चालवली. तो मागे बसला होता आणि तोंडाने सारखं "नाही, नाही, नाही" एवढंच म्हणत होता.

माथ्याच्या पलीकडे पहिल्याच वळणावर रस्त्यावर काळा पट्टा उमटला होता, दीड माणूस लांब. त्याच्या शेवटी बाबांची गाडी कठड्याला टेकून आडवी. आणि धाकटी कठड्यावर बसलेली. हेल्मेट डोक्यावरच. डावं मनगट उजव्या हातात धरलेलं.

बसलेली. मी तो शब्द मनात तीन-चार वेळा म्हटला. जवळ जाऊन मी तिच्या गुडघ्यांना मिठी मारली आणि तिथेच रस्त्यावर बसले.

तिने हेल्मेट काढलं. चेहरा पांढराफटक. "तुम्ही आरशात दिसेनात. वाटलं, पडलात की काय. वळून मागे यायचं म्हणून वेग कमी केला, आणि चाकच धरलं गेलं गं. चाक धरलं तर क्लच दाबायचा, हे बाबांनी शिकवलेलं. तेवढा तो आपोआप दाबला गेला आणि चाक सुटलं." मग तिने भावाकडे पाहिलं. "दादा, सकाळीच नवा टेन्शनर लावलास ना? काय झालं तिला?"

नवरा गाडीशी गुडघे टेकून बसला होता. त्याने किकवर हात ठेवून दाबलं. ती हललीच नाही. आतलं सगळं आवळलं होतं. बाबांचं इंजिन संपलं होतं, निदान पुरतं उघडेपर्यंत तरी.

"आईने..." तो म्हणाला आणि थांबला.

सोपं होतं. आईंच्या कानांवर ढकललं असतं तर कुणी काही म्हटलं नसतं. पाव आणि पाऊण, यंत्राची घरघर, वयस्कर बाई. मलाही तो शब्द हवाहवासा वाटला, लाज वाटते सांगायला. तेवढ्यात माझ्या कमरेच्या पाकिटात फोन वाजायला लागला. आईंचाच. मी उचलला नाही.

"आई नाही," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "आईने पाऊण सांगितलं. पण पाऊण चूक आहे हे मला कळलं होतं. आटा बारीक आहे म्हणून असेल, असं मनाला सांगितलं. पण पटलं नव्हतं. सुरू केली तेव्हा वाजली, तेव्हा तर पक्कंच कळलं. पण म्हटलं, तिचाच टेन्शनर, तिचंच माप. वाजू दे. सगळ्यांना ऐकू दे."

धाकटी माझ्याकडे वळली.

"निघताना मीही ऐकलं होतं," मी म्हणाले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "खडखड. मला वाटलं, याने लावलाय, याचीच फजिती होईल."

खालून एक ट्रक पहिल्या गिअरमध्ये कण्हत चढ चढत होता. माझा फोन बंद झाला आणि पुन्हा वाजायला लागला.

"म्हणजे दोघांनाही कळलं होतं," ती शेवटी म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "अंगणात मी तुम्हा दोघांच्या मधोमध उभी होते, दादा. तुला गुद्दा मारला, हिला मिठी मारली. एकाने तरी तोंड उघडायचं होतं."

नवरा रडायला लागला. लग्नाला सोळा वर्षं झाली, मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं. मी तिचं मनगट बघायला हात पुढे केला. तिने मनगट मागे घेतलं आणि स्वतःच बोटांनी दाबून पाहिलं, नर्सच ती. "मुरगळलंय. मोडलं नाहीये."

मग तिने हात पुढे करून माझा फोन मागितला आणि उचलला.

"हां आई. हो, मीच. गाडी बिघडली वाटेत. नाही, तुझ्यामुळे नाही. अजिबात नाही. कुणी सांगितलं तुला असं? तू अगदी बरोबर केलंस. रडू नकोस. मी ठीक आहे."

फोन परत देताना तिने माझ्या डोळ्यांत पाहिलं नाही. गाडीवरची बॅग सोडवली आणि एका हाताने खांद्यावर घेतली. मागून एक छोटी गाडी येत होती, नवरा-बायको आणि मागच्या सीटवर सामानाची खोकी. तिने हात दाखवला. ती माणसं थांबली. काही बोलणं झालं, दार उघडलं.

"धाकटे, आपण घरी जाऊ," नवरा म्हणाला. "हात दाखवू. मी उद्या सोडतो तुला."

"दोनच्या आत हजर व्हायचंय मला." ती आत बसली, बॅग मांडीवर घेतली.

मी खिडकीशी गेले. "पोहोचल्यावर फोन कर गं."

"आईला करीन," ती म्हणाली आणि काच वर केली.